फ्रँक मॅकगी

फ्रँक मॅकगी (जन्म : ४ नोव्हेंबर १८८२, ओटावा; मृत्यू : १६ सप्टेंबर १९१६, कूर्सलेत, फ्रान्स) हे कॅनडातील आइस हॉकीच्या आरंभकाळातील एक अग्रगण्य हौशी खेळाडू होते. १९०३ ते १९०६ या काळात ते ओटावा हॉकी क्लबच्या संघाकडून खेळले. हा संघ पुढे 'सिल्व्हर सेव्हन' या नावाने ओळखला गेला आणि त्याने या चार हंगामांत स्टॅनले चषक आपल्याकडे राखला. मॅकगी यांच्या डाव्या डोळ्याची दृष्टी वयाच्या सतराव्या वर्षी गेलेली होती. त्यांची जवळजवळ संपूर्ण वरिष्ठ कारकीर्द एका डोळ्याने झाली. चषकासाठीच्या एकाच सामन्यात १४ गोल करण्याचा त्यांचा विक्रम आजतागायत अबाधित आहे. पहिल्या महायुद्धात सॉमच्या रणभूमीवर त्यांना वीरमरण आले.

घराणे आणि बालपण

मॅकगी घराणे मूळचे आयरिश. कॅनडाच्या संघराज्याच्या शिल्पकारांपैकी एक मानले जाणारे टॉमस डार्सी मॅकगी हे फ्रँक यांचे काका. कवी, पत्रकार आणि फर्डे वक्ते असलेल्या डार्सी मॅकगी यांची ७ एप्रिल १८६८ रोजी ओटावात गोळी घालून हत्या झाली. त्यांचे सावत्र भाऊ जॉन जोसेफ मॅकगी म्हणजे फ्रँक यांचे वडील. ते कॅनडाच्या प्रिव्ही कौन्सिलचे सचिव होते आणि फ्रँक यांच्या जन्माच्याच वर्षी त्यांनी हे पद स्वीकारले होते. अशा रीतीने राजधानीतील सुस्थितीतल्या, सरकारदरबारी वजन असलेल्या घरात फ्रँक वाढले. घरात भावंडांचा गोतावळा मोठा होता आणि खेळांची आवड सर्वांनाच होती. त्यांचे भाऊ जिम हेही नामांकित खेळाडू होते आणि काही काळ ओटावाच्या हॉकी संघाकडून खेळले. १९०४ मध्ये घोड्यावरून झालेल्या अपघातात जिम यांचा मृत्यू झाला.

फ्रँक हे लॅक्रॉस आणि रग्बी फुटबॉलही खेळत. पण त्यांचे खरे प्रावीण्य बर्फावरच दिसले. त्यांची उंची सुमारे १६८ सेंटिमीटर, म्हणजे तत्कालीन धिप्पाड बचावपटूंच्या मानाने कमीच होती. नीटनेटका पोशाख आणि विंचरलेले केस यांबद्दल ते प्रसिद्ध होते. मैदानात उतरताना त्यांची विजार इस्त्री केलेली असे, असे वर्णन आढळते.

तत्कालीन खेळाचे स्वरूप

मराठी वाचकाला हॉकी म्हटले की हिरवळीवरचा चेंडूचा खेळ आठवतो. आइस हॉकी हा त्याहून वेगळा खेळ आहे. यात चेंडूऐवजी रबराची कठीण, चपटी चकती असते. तिला 'पक' म्हणतात. खेळाडू पायांत स्केट घालून बर्फावरून घसरत धावतात. मॅकगी यांच्या काळी प्रत्येक संघात कबड्डीप्रमाणेच सात खेळाडू असत. आज सहा असतात. सातव्या खेळाडूस 'रोव्हर' म्हणत आणि तो गरजेप्रमाणे बचावात किंवा आक्रमणात धावून जाई. सामना तीस-तीस मिनिटांच्या दोन डावांचा असे आणि तेच सात खेळाडू पूर्ण तासभर खेळत. सहकाऱ्याला पुढच्या दिशेने पक देण्यास मनाई होती. त्यामुळे पक स्वतःच्याच काठीवर खेळवत प्रतिस्पर्ध्यांच्या गर्दीतून वाट काढणे हेच खरे कौशल्य मानले जाई. मॅकगी मध्य आघाडीवर, म्हणजे या कामाच्या अगदी केंद्रस्थानी खेळत.

डोक्याला शिरस्त्राण नाही, चेहऱ्याला जाळी नाही, बर्फही नैसर्गिक थंडीने गोठलेला, अशा स्थितीत हा खेळ चाले. काठ्यांचे घाव आणि पकचे तडाखे ही नित्याची बाब होती. मॅकगी यांनी पत्करलेला धोका समजण्यासाठी ही पार्श्वभूमी ध्यानात घेणे आवश्यक आहे.

डोळ्याची दुखापत

मार्च १९०० मध्ये ऑन्टारियो प्रांतातील हॉक्सबरी या गावी धर्मादाय निधीसाठी एक सामना झाला. त्या सामन्यात मॅकगी यांच्या डाव्या डोळ्यावर जोराचा आघात झाला आणि त्या डोळ्याची दृष्टी कायमची गेली. वय अवघे सतरा. यानंतर त्यांनी खेळणे सोडले आणि काही काळ पंच म्हणून काम केले. दुसरा कोणी असता तर तेथेच थांबला असता, आणि कोणी त्यास दोषही दिला नसता. उरलेल्या डोळ्यास इजा झाली असती तर पुढचे सारे आयुष्य अंधारात गेले असते. शिवाय एका डोळ्याने अंतराचा अंदाज नीट येत नाही, आणि वेगाने येणारा पक अडवताना तर हा अंदाजच सर्वस्व असतो. मोटार अपघातात एका डोळ्याची दृष्टी गमावूनही क्रिकेट खेळलेले मन्सूर अली खान पतौडी भारतीय वाचकांना येथे सहज आठवतील. फरक एवढाच की पतौडींना एका वेळी एकाच गोलंदाजाचा सामना करायचा होता, तर मॅकगी यांच्या आंधळ्या बाजूने कोण कधी येऊन धडकेल याचा नेम नव्हता.

तरीही ते परतले. ओटावा हॉकी क्लबने १९०३ च्या हंगामासाठी त्यांना संघात घेतले.

ओटावा हॉकी क्लब

ओटावा हॉकी क्लबची स्थापना १८८३ मध्ये झाली होती आणि कॅनडातील सर्वांत जुन्या हॉकी संघांत त्याची गणना होते. १८९२ मध्ये कॅनडाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅनले यांनी देशातील सर्वोत्तम हौशी संघासाठी चांदीचा एक चषक दिला. त्याची किंमत १० गिनी होती. पुढच्याच वर्षी लॉर्ड स्टॅनले मायदेशी परतले आणि आपल्या नावाच्या चषकासाठी झालेला एकही सामना त्यांना पाहता आला नाही. आज हा चषक अमेरिका व कॅनडातील व्यावसायिक संघांचे सर्वोच्च पारितोषिक आहे. परंतु त्या काळी तो पूर्णतः हौशी खेळाडूंचा होता आणि आव्हान-चषक होता. म्हणजे चषक ज्याच्याकडे असेल त्याला देशातील कोणताही पात्र संघ विश्वस्तांच्या संमतीने आव्हान देऊ शकत असे. गतविजेत्याला एकाच हंगामात तीन-चार वेळा चषक राखावा लागे.

ओटावाचे खेळाडू दिवसा नोकरी-व्यवसाय करीत आणि संध्याकाळी सराव. मॅकगी स्वतः सरकारी नोकरीत होते. कर्णधार हार्वी पुलफोर्ड हे बचावपटू नौकावहन, मुष्टियुद्ध आणि फुटबॉल या खेळांतही अग्रेसर होते. हॅरी वेस्टविक, आल्फ स्मिथ, गिल्मूर बंधू, आर्ट मूर आणि गोलरक्षक बाउस हटन हे त्यांचे सहकारी. हा संघ कुशल होता, तसाच धसमुसळाही होता, हे लपविण्यात अर्थ नाही. पाहुण्या संघांतील खेळाडू ओटावाहून जखमी होऊन परतल्याच्या तक्रारी त्या काळी वारंवार होत.

मॅकगी यांनी जानेवारी १९०३ मध्ये मॉन्ट्रियलच्या संघाविरुद्ध पदार्पण केले आणि पहिल्याच सामन्यात दोन गोल केले. त्या हंगामातील सहा साखळी सामन्यांत त्यांचे १४ गोल झाले. मार्चमध्ये मॉन्ट्रियल व्हिक्टोरियाजशी दोन सामन्यांची निर्णायक लढत झाली. पहिला सामना १-१ असा बरोबरीत सुटला. दुसरा ओटावाने ८-० असा जिंकला आणि स्टॅनले चषक प्रथमच ओटावात आला. लगोलग पश्चिमेकडील रॅट पोर्टेज गावच्या थिसल्स संघाचे आव्हान परतवण्यात आले. हौशी खेळाडूंना रोख बक्षीस देता येत नसल्यामुळे क्लबचे एक संचालक बॉब शिलिंग्टन यांनी प्रत्येक खेळाडूला चांदीचा एकेक खडा भेट दिला. यावरूनच संघाला 'सिल्व्हर सेव्हन', म्हणजे रुपेरी सात, हे नाव पडले.

१९०४ च्या हंगामात सामन्याच्या फेरलढतीवरून वाद होऊन ओटावाने आपली साखळी सोडली. तथापि, चषक साखळीचा नसून आव्हानाचा असल्यामुळे तो ओटावाकडेच राहिला. विनिपेग रोइंग क्लब, टोरंटो मार्लबरोज आणि ब्रँडन हे तिन्ही आव्हानवीर पराभूत झाले. मार्लबरोजविरुद्धच्या दुसऱ्या सामन्यात ओटावाने ११ गोल केले. त्यांपैकी पाच एकट्या मॅकगींचे होते. मॉन्ट्रियल वाँडरर्सबरोबरची लढत मात्र ५-५ अशा बरोबरीनंतर वादात अडकून अर्धवट राहिली. या वाँडरर्सची गाठ पुढे पुन्हा पडायची होती.

डॉसन सिटीचे आव्हान

जानेवारी १९०५ मधील डॉसन सिटी नगेट्स या संघाची मोहीम हॉकीच्या इतिहासातील सर्वांत विलक्षण प्रसंगांपैकी एक आहे. डॉसन सिटी हे कॅनडाच्या वायव्य टोकाला युकॉन प्रदेशात, क्लोंडाइकच्या सोन्याच्या खाणींमुळे वसलेले गाव. तेथील उद्योजक जो बॉइल यांनी खाणकामगार, कारकून अशा मंडळींचा संघ जमवला आणि चषकासाठी आव्हान दिले. डिसेंबर १९०४ च्या उत्तरार्धात संघ निघाला. डॉसन ते व्हाइटहॉर्स हे पाचशेहून अधिक किलोमीटरचे अंतर खेळाडूंनी काही सायकलने, काही कुत्र्यांच्या घसरगाडीने आणि बरेचसे पायी, हाडे गोठवणाऱ्या थंडीत कापले. हिमवादळामुळे आगगाडी अडकली, स्कॅग्वे बंदरात आगबोट थोडक्यात चुकली आणि कित्येक दिवस वाया गेले. नंतर समुद्रमार्गे सिॲटल आणि तेथून आगगाडीने साऱ्या खंडाची रुंदी ओलांडून ते ओटावास पोहोचले. सुमारे ६४०० किलोमीटरच्या या प्रवासानंतर त्यांना सरावाला जेमतेम एक-दोन दिवस मिळाले. सामना पुढे ढकलण्याची त्यांची विनंती ओटावाने मान्य केली नाही.

१३ जानेवारीचा पहिला सामना ओटावाने ९-२ असा जिंकला. त्यात मॅकगींचा एकच गोल होता. यावरून डॉसनच्या एका खेळाडूने मॅकगींबद्दल तुच्छतेचे उद्गार काढले, आणि ते त्यांच्या कानावर गेले, अशी आख्यायिका सांगितली जाते. तिची शहानिशा करणे आज कठीण आहे. पुढे घडले ते मात्र नोंदींत आहे. १६ जानेवारीला ओटावाने २३-२ असा विजय मिळवला आणि मॅकगी यांनी १४ गोल केले. त्यांतील आठ गोल लागोपाठ, जेमतेम साडेआठ मिनिटांत झाले. राष्ट्रीय हॉकी लीगमध्ये एका सामन्यातील गोलांचा विक्रम जो मलोन यांच्या नावे आहे. त्यांनी १९२० मध्ये केलेले सात गोल मॅकगींच्या बरोबर निम्मे होतात.

या विक्रमाचे मोल ठरवताना थोडे तारतम्य बाळगायला हवे. डॉसनचे खेळाडू प्रवासाने थकून गेलेले होते. त्यांचा एक प्रमुख खेळाडू लायनेल बेनेट घरच्या आजारपणामुळे आलाच नव्हता. पूर्वी ओटावाकडूनच खेळलेला वेल्डी यंग निवडणुकीच्या कामामुळे मागे राहिला होता. गोलरक्षक अल्बर्ट फॉरेस्ट हा तर किशोरवयीन मुलगा होता. त्याने हार न मानता तोंड दिले आणि त्याचा खेळ चांगला झाला असे तत्कालीन वृत्तान्त सांगतात. तो नसता तर मॅकगींचे गोल आणखी वाढले असते! दमलेल्या, अपुऱ्या संघाविरुद्धचा हा विक्रम मॅकगींच्या नावाशी कायमचा जोडला गेला. परंतु त्यांच्या खेळाची खरी कसोटी त्यानंतर दोन महिन्यांनी लागली.

रॅट पोर्टेजविरुद्धची मालिका

मार्च १९०५ मध्ये रॅट पोर्टेज थिसल्स पुन्हा आव्हान घेऊन आले. या वेळी त्यांच्याकडे टॉमी फिलिप्ससारखा असामान्य खेळाडू होता आणि साऱ्या संघाचा वेग अचाट होता. पहिल्या सामन्यात दुखापतीमुळे मॅकगी खेळू शकले नाहीत. थिसल्सने ओटावाला त्यांच्याच मैदानावर ९-३ असे हरवले. फिलिप्स यांनी पाच गोल केले. चषक जाणार, अशी चिन्हे होती.

दुसऱ्या सामन्यासाठी मॅकगी परतले आणि ओटावाने तो ४-२ असा जिंकून मालिका बरोबरीत आणली. पाहुण्यांचा वेग कमी करण्यासाठी यजमानांनी बर्फावर काही उपद्व्याप केला, अशी कुजबुज झाली. तिसऱ्या, निर्णायक सामन्यात मॅकगी दुखावलेल्या मनगटानिशी उतरले. प्रतिस्पर्ध्यांनी त्या मनगटावर घाव घालू नये म्हणून त्यांनी दोन्ही हातांना पट्ट्या बांधल्या आणि दुखऱ्या हाताची पट्टी हलकी, तर धडधाकट हाताची जाड ठेवली, असे सांगतात. सामना अखेरपर्यंत दोलायमान राहिला. शेवटी ओटावाने तो ५-४ असा जिंकला आणि विजयी गोल मॅकगी यांच्या काठीतून आला. एक डोळा निकामी, एक मनगट जायबंदी आणि समोर देशातील सर्वांत वेगवान संघ, हे पाहता हा एक गोल डॉसनविरुद्धच्या चौदा गोलांहून वजनदार ठरतो, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

रॅट पोर्टेज गावाचे नाव त्याच वर्षी बदलून केनोरा झाले. याच गावाच्या संघाने १९०७ मध्ये अखेर स्टॅनले चषक जिंकला.

अखेरचा हंगाम

१९०६ च्या हंगामात मॅकगींचा खेळ बहरात होता. सात साखळी सामन्यांत त्यांनी २८ गोल केले. चषकासाठी आलेले क्वीन्स विद्यापीठ आणि स्मिथ्स फॉल्स हे दोन्ही संघ पराभूत झाले. परंतु साखळीत ओटावा आणि मॉन्ट्रियल वाँडरर्स यांची बरोबरी झाली आणि दोन सामन्यांतील एकूण गोलांवर निर्णय करायचे ठरले. मॉन्ट्रियलमधील पहिला सामना वाँडरर्सने ९-१ असा जिंकला. आठ गोलांची पिछाडी भरून काढणे अशक्यप्राय होते. ओटावाने स्मिथ्स फॉल्सचाच गोलरक्षक पर्सी लेस्यूर याला आपल्याकडे घेतले आणि १७ मार्चच्या दुसऱ्या सामन्यात ती पिछाडी खरोखरच भरून काढली. ओटावाची आघाडी ९-१ झाली आणि एकूण गोल १०-१० असे समान झाले. त्या क्षणी प्रेक्षकांचा जल्लोष गगनाला भिडला. मात्र अखेरच्या काही मिनिटांत वाँडरर्सच्या लेस्टर पॅट्रिक यांनी दोन गोल केले आणि १२-१० अशा फरकाने चषक मॉन्ट्रियलला गेला.

यानंतर मॅकगी यांनी वरिष्ठ हॉकीतून निवृत्ती घेतली. वय अवघे तेवीस होते. सरकारी नोकरीतील जबाबदारी आणि उरलेल्या डोळ्याची काळजी ही कारणे सांगितली जातात. त्याच सुमारास साखळीत हौशी खेळाडूंबरोबर व्यावसायिकांनाही प्रवेश मिळू लागला आणि खेळाचे रूपच पालटू लागले. मॅकगी कधीही पैसे घेऊन खेळले नाहीत. वरिष्ठ संघातील ४५ सामन्यांत त्यांचे सुमारे १३५ गोल झाले, म्हणजे सरासरी दर सामन्याला तीन. त्यांपैकी २२ सामने चषकाच्या आव्हानाचे होते आणि त्यांत ६३ गोल होते.

महायुद्ध आणि मृत्यू

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्धाला तोंड फुटले तेव्हा मॅकगी एकतीस वर्षांचे होते. एका डोळ्याने अधू असलेला माणूस सैन्याच्या वैद्यकीय तपासणीत उत्तीर्ण कसा झाला, हा प्रश्न पुढे अनेकांना पडला. त्यांच्या पुतण्याने सांगितलेली हकिकत अशी : डॉक्टरांनी एक डोळा झाकून तक्ता वाचायला सांगितला तेव्हा मॅकगींनी आंधळा डोळा झाकला, दुसरा डोळा झाकायला सांगितल्यावर त्यांनी डोळा बदलण्याऐवजी फक्त हात बदलला आणि पुन्हा चांगल्याच डोळ्याने तक्ता वाचला. हकिकत कौटुंबिक परंपरेतली आहे हे लक्षात ठेवूनच ती वाचावी. ते भरती झाले एवढे निर्विवाद.

लेफ्टनंट या हुद्द्यावर ते २१ व्या पायदळ बटालियनमध्ये दाखल झाले. ही बटालियन मे १९१५ मध्ये इंग्लंडला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फ्रान्सच्या आघाडीवर गेली. मॅकगी कुटुंबावर तोवर एक घाव बसला होता. फ्रँक यांचे भाऊ चार्ल्स हे १९१५ मध्ये फेस्तुबेरच्या लढाईत मारले गेले होते. डिसेंबर १९१५ मध्ये तोफगोळ्याच्या स्फोटाने फ्रँक यांची चिलखती मोटार उलटली आणि त्यांच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली. उपचारांसाठी त्यांना इंग्लंडला पाठवण्यात आले.

कित्येक महिन्यांनी बरे झाल्यावर त्यांना आघाडीपासून दूर, ल हाव्र बंदरात कार्यालयीन काम देऊ करण्यात आले. दुखरा गुडघा, एक डोळा, युद्धात गेलेला एक भाऊ : ते काम स्वीकारण्यास कारणे भरपूर होती. त्यांनी ते नाकारले आणि ऑगस्ट १९१६ च्या अखेरीस आपल्या बटालियनकडे परतले. त्या वेळी सॉमची लढाई सुरू होती. १५ सप्टेंबर रोजी कॅनडाच्या सैन्याने कूर्सलेत गावावर हल्ला चढवला. युद्धाच्या इतिहासात रणगाडे प्रथमच वापरले गेले ते याच दिवशी. २१ व्या बटालियनने गावाजवळचा साखर कारखाना काबीज केला. दुसऱ्या दिवशी, १६ सप्टेंबर रोजी, मॅकगी मारले गेले. त्यांचा मृतदेह सापडला नाही.

फ्रान्समधील व्हिमी येथे कॅनडाचे जे युद्धस्मारक १९३६ मध्ये उघडण्यात आले, त्याच्या भिंतींवर फ्रान्समध्ये बेपत्ता झालेल्या ११,२८५ कॅनेडियन सैनिकांची नावे कोरलेली आहेत. त्यांत मॅकगी यांचेही नाव आहे.

मरणोत्तर

१९४५ मध्ये हॉकी हॉल ऑफ फेममध्ये प्रवेश मिळालेल्या पहिल्याच गटात मॅकगी यांचा समावेश झाला. त्यांचे कर्णधार पुलफोर्ड आणि रॅट पोर्टेजचे टॉमी फिलिप्स हेही त्याच गटात होते.

ज्या क्लबकडून ते खेळले तो 'सेनेटर्स' या नावाने व्यावसायिक झाला आणि १९१७ मध्ये राष्ट्रीय हॉकी लीगच्या संस्थापक संघांत सामील झाला. १९३४ मध्ये आर्थिक अडचणींमुळे त्याचा व्यावसायिक संघ सेंट लुईसला हलवण्यात आला. ओटावात त्याच नावाचा वरिष्ठ हौशी संघ मात्र चालू राहिला. स्टॅनले चषक व्यावसायिकांकडे गेल्यानंतर, १९०८ पासून, कॅनडातील वरिष्ठ हौशी संघांसाठी ॲलन चषक ठेवण्यात आला होता. तो ओटावाच्या संघाने १९४९ मध्ये जिंकला.